हाताची माल्ट मिल मोटरवर घ्यायचीय? मग हे वाचा

घरी बिअर बनवताना 5 गॅलनच्या (साधारण 19 लिटर) एका बॅचला साधारण 5 किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली, लागतो आणि तो हँडल फिरवून फिरवून भरडायचा म्हणजे दंड भरून येतात, आज्या रोज पहाटे जातं कसं ओढायच्या देव जाणे.

पण मोटर आणायच्या आधी एक लक्षात घ्या, आपल्याला माल्ट दळायचा नाहीये, भरडायचाय. दाणा फुटला पाहिजे पण टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे, कारण नंतर मॅशमधून (गरम पाण्यात भिजवलेल्या भरड्यातून) रस काढताना त्या टरफलांचा थरच गाळणीचं काम करतो. पीठ झालं तर खाली चिखल बसतो आणि नळ उघडून बसलात तरी थेंब येत नाही. म्हणजे सगळा खेळ वेग कमी करण्याचा आहे.

दोन रोलरच्या मिलला मिनिटाला 150-200 फेरे बास. इथे अमेरिकेत साधी मोटर 1725 आरपीएमची मिळते, ती डायरेक्ट जोडलीत तर टरफलाच्या चिंध्या. मोटरवर दीड इंची पुली, मिलवर 12 इंची, म्हणजे वेग आठपट कमी होऊन 215च्या आसपास येतो, चालतंय. (भारतातली 1440ची मोटर असेल तर त्याच पुल्यांवर 180. पण महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे बरं का.) अर्धा एचपी भरपूर झाला. गिअर मोटरही लावतात, पण मला बेल्टच बरा वाटतो, मध्ये खडा अडकला तर बेल्ट घसरतो, बाकी काही तुटत नाही.

हँडल काढल्यावर जो दांडा दिसतो त्यावर कानशीने थोडा सपाट भाग करा आणि पुलीचा ग्रब स्क्रू (पुली दांड्यावर घट्ट धरणारा छोटा स्क्रू) बरोबर तिथेच आवळा. मी आधी हे केलंच नव्हतं, पुली गरगर फिरतेय आणि मिल ढिम्म! फिरायची दिशाही आधी हाताने फिरवून बघून ठेवा.

रोलरमधलं अंतर 1 मिमीपासून सुरू करा, मूठभर भरडून बघा, अख्खे दाणे दिसले तर थोडं कमी करा. बेल्टवर झाकण हवंच, बोटं एकदाच मिळतात. मोटर पूर्ण बंद आवरणाची घ्या, माल्टची धूळ पेट घेऊ शकते. आणि मोटर आधी चालू करायची, माल्ट नंतर ओतायचा, हॉपर (मिलवरचं माल्ट ओतायचं भांडं) भरलेला असेल तर ती उचलत नाही.

हे सगळं गॅरेजमध्ये करा, यीस्ट टाकता त्या खोलीत नको, धान्याच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस (आंबट करणारे जिवाणू) असतात, बिअरचं ताक होईल.