चोर्ल्याच्या पावसात बाईक कॅम्प: या चुका टाळा

"गोव्यात कसली आलीय थंडी?" असं म्हणत दर पावसाळ्यात कोणी ना कोणी सुती टी-शर्ट आणि जीन्सवर कॅम्पला येतं. आमचा क्लब डिचोली-साखळी भागातला. जुलै-ऑगस्टमधला एखादा शनिवार-रविवार आम्ही केरीच्या वरच्या अंगाला, गोवा-कर्नाटक सीमेवरच्या चोर्ला घाटालगत, एका ओळखीच्या भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत तंबू ठोकून काढतो. इतक्या वर्षांत गाड्या बंद पडल्या, तंबू उडाले, भात करपला. पण माणूस खरोखर अडचणीत आला तो प्रत्येक वेळी एकाच कारणाने: तो ओला राहिला.

हिशेब करून बघा. पणजीत पारा 24 वर असेल तर चोर्ल्याच्या माथ्यावर, म्हणजे सुमारे 800 मीटर उंचीवर, तो चार-पाच अंशांनी खाली असतो. कोरड्या माणसाला 19-20 अंश म्हणजे सुखाची हवा. पण पाणी अंगातली ऊब हवेच्या मानाने पंचवीसेक पट वेगाने ओढून घेतं. भिजलेली जीन्स मांड्यांना चिकटलेली, वर तासाला पन्नास किलोमीटरचा वारा, आणि असं दीड तास बसून राहायचं. अंगातली ऊब कुठे जाते ते कळतही नाही.

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. क्लबात नवा आलेला एक पोरगा मुक्कामी पोचल्यावर गाडीवरून उतरला आणि हेल्मेटचा पट्टा सोडवू लागला. बोटं बकलावर नुसती फिरत होती, पट्टा काही सुटेना. मी विचारलं, "काय रे, थंडी वाजते का?" तर म्हणाला, "नाही दादा, ठीक आहे." पण ते "ठीक" त्याच्या तोंडातून नीट बाहेर पडलं नाही, शब्द जड झाला होता. ओठ निळसर, खांदे थडथडत होते. पट्टा मीच सोडवला. त्याला मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात नेऊन सगळे ओले कपडे उतरवले, अगदी मोजेसुद्धा. कोरड्या पंचाने अंग पुसलं, खाली चटईवर दोन घोंगड्या, वर स्लीपिंग बॅग, डोक्याला कानटोपी. मग हळूहळू गोड चहा, नंतर गरम पेज. तासाभराने त्याची बोटं सरळ चालायला लागली. त्याच्या बॅगेत एकही कोरडा कपडा नव्हता. बॅग "वॉटरप्रूफ" होती, पण चेन उघडल्यावर तळाशी दोन बोटं पाणी निघालं.

हे लक्षण प्रत्येकाने ओळखायला शिकलंच पाहिजे. थरथरणं, बोटं न वळणं, बोलणं अडखळणं, चालताना तोल जाणं, उगाच चिडणं. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. माणूस अजून भिजलेलाच आहे, थरथर मात्र थांबली, तो गप्प होऊन पेंगायला लागला, तर "बरं वाटतंय वाटतं" असं समजू नका. तो बिघडतो आहे. त्याला आडवा ठेवा, धसमुसळेपणाने हलवू नका, शुद्ध नीट नसेल तर तोंडात काहीही घालू नका आणि 108 ला फोन लावा. घाटात रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून मुक्कामाच्या जागेपासून रेंज नेमकी कुठे येते ते उजेड असतानाच बघून ठेवायचं. आमच्याकडे हे काम ठरलेल्या माणसाकडे असतं.

आणि फेणी. "एक पेग मार, गरम वाटेल" हा आपल्याकडचा सगळ्यात घातक सल्ला. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, अंग वरून गरम लागतं आणि आतली ऊब भराभर बाहेर निघून जाते. गारठलेल्या माणसाला दारू अजिबात नाही. हात-पाय जोरजोरात चोळणं नाही, अंगाला लागून जळता निखाराही नाही.

कोरडा जोड

सामानात दुसरं काही राहिलं तर चालेल, हे राहून चालणार नाही. एक पूर्ण कपड्यांचा जोड: बनियनपासून लोकरी मोज्यांपर्यंत, स्वेटर, कानटोपी. तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढून, तोंड पिळून दोनदा दुमडून रबर बँडने बांधलेला. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि मग बॅगेत. बॅगेवरचं रेन कव्हर वाऱ्याने फुगतं आणि पाठीकडून पाणी आत घेतं, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. स्लीपिंग बॅगेलाही हाच नियम.

यापुढची चूक अनुभवी माणसंही करतात. कोरडा जोड संध्याकाळी घालतात, आणि मग लाकडं आणायला, गाडी झाकायला, लघवीला म्हणून त्याच कपड्यांत पावसात जातात. रात्री झोपताना हाती काहीच उरत नाही. कोरडा जोड फक्त छपराखाली. बाहेर जायचं तर परत ओले कपडे चढवायचे. सकाळी सहा वाजता ओली, थंडगार पँट पायात घालताना जीव नकोसा होतो, मान्य आहे. तरी घालायची. दहा मिनिटांत ती अंगाच्या उबेने बरी लागते आणि कोरडा जोड पुढच्या संकटासाठी शिल्लक राहतो.

गाडीवर बसताना सुती कपडे टाळा. सूत पाणी धरून ठेवतं. खेळाडू घालतात तसले पॉलिएस्टरचे पातळ कपडे आत, वर रेनसूट. रेनसूट पाऊस सुरू झाल्यावर नाही, साखळी सोडतानाच घालायचा. केरीपर्यंत आभाळ कोरडं दिसतं आणि पहिल्या दोन वळणांतच सर अशी येते की गाडी बाजूला लावेपर्यंत माणूस चिंब होतो. भिजलेल्या कपड्यांवर चढवलेला रेनसूट ती ओल आतच कोंडून ठेवतो. हातमोजे भिजत असतील तर त्यांच्यावर भांडी घासायचे मोठ्या मापाचे रबरी मोजे चढवा. दिसायला कसेही दिसोत, ब्रेक दाबायला बोटं जिवंत राहतात. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाने बदला. सकाळपर्यंत बूट पूर्ण सुकणार नाहीत, पण पाणी ओघळणार नाही इतके होतात.

जागा

व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठची सपाट हिरवळ बघून सगळ्यांना मोह होतो. तिथे तंबू लावू नका. आपल्याकडचे बरेच व्हाळ आणि नद्या घाटमाथ्यावरून येतात. म्हादईचा उगमच मुळी कर्नाटकात खानापूर तालुक्यात आहे. वर धो धो कोसळतो तेव्हा खाली केरीत नुसती भुरभुर असू शकते, आणि पाणी अंधारात चढतं. काठावरच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा किती उंचीवर आहे ते बघा, पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. नितळ पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा काटक्या वाहत यायला लागल्या तर सामान सोडा आणि वर चढा.

उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावरही नको. जांभ्यात खुंटी घुसत नाही, वारा अडत नाही, वीज कडाडली तर तिथे उंच असे तुम्हीच. माडाखाली, फणसाखाली, वाळक्या फांदीखाली नको. कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेची, थोडी उताराची, मांगर हाकेच्या अंतरावर असलेली जागा सगळ्यात बरी. मालकाला आधी विचारून घ्या. म्हादई, नेत्रावळी किंवा मोलेच्या अभयारण्यात परवानगीशिवाय तंबू ठोकणं हा गुन्हा आहे, आणि पर्यटनस्थळी उघड्यावर चूल मांडण्यालाही 2019 च्या कायदादुरुस्तीपासून दंड आहे. धबधब्याखाली उतरणं तर सोडाच. दर पावसाळ्यात तिथे कोणाचं तरी घर उजाड होतं.

पर्यायी छप्पर आधीच ठरवून ठेवा. एखाद्या देवळाची अग्रशाळा (भक्तांच्या मुक्कामाची इमारत) असेल तर देवस्थान समितीला आदल्या आठवड्यात विचारा. रात्री अकरा वाजता भिजलेली बारा माणसं घेऊन दार ठोठावणं बरोबर नाही.

तंबू आत ओला का होतो?

तक्रार नेहमीची: "नवा तंबू, तरी गळला." बहुतेक वेळा तो गळलेला नसतो. तंबूखाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावत असते, वरून ओघळलेलं पाणी तिच्यावर जमतं आणि तंबूखाली शिरतं. ताडपत्री चारी बाजूंनी चार बोटं आत दुमडा. दुसरं कारण आपला श्वास. पाऊस येतो म्हणून सगळ्या चेन बंद केल्या की दोन माणसांची वाफ आतल्या कापडावर थेंब होऊन साचते. वरची झडप उघडी ठेवा, आणि बाहेरचं कापड आतल्या कापडाला चिकटू नये इतकं ताणा. कापड भिजलं की सैल पडतं, म्हणून झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा एकदा ओढून घ्या. शिवणीतून खरंच थेंब येत असेल तर त्या रात्रीपुरती वरून दुसरी ताडपत्री तिरकी बांधा. पावसाळ्यात ती मी पहिल्यापासूनच बांधतो: आधी ताडपत्री, मग तिच्या आडोशाला तंबू.

पाठीखाली जाड काहीतरी हवंच. जमीन रात्रभर ऊब शोषत राहते, अंगावर कितीही घ्या.

तंबूच्या आत शेगडी, निखारे, गॅसचा स्टोव्ह पेटवू नका. ओल घालवायला नाही, चहासाठी नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोप लागल्यासारखी लागते आणि माणूस उठत नाही. स्वयंपाक ताडपत्रीखाली, तिन्ही बाजूंनी मोकळ्या जागी. रानातली ओली लाकडं तोडायच्या फंदात न पडता घरून नारळाची सुकी सोडणं आणि करवंट्या पोत्यात भरून न्या, चूल लगेच धरते. जेवणात उकड्या तांदळाची पेज किंवा कुळथाची पिठी असली की माणसं दहा मिनिटांत बोलायला लागतात. अंगाला जळू चिकटली तर खसकन ओढू नका, नखाने कडेकडून सरकवून सोडवा. बूट घालण्यापूर्वी उलटे करून आपटा. साप चावलाच तर चिरणं-चोखणं काही नाही. तो अवयव न हलवता तडक इस्पितळ गाठा.

गाडी

मऊ मातीत स्टँड रुततो आणि मध्यरात्री गाडी आडवी होते, बहुधा शेजारच्या तंबूच्या दिशेने. स्टँडखाली लाकडाची फळी किंवा सपाट दगड ठेवा, गाड्या तंबूंपासून दूर लावा.

सकाळी गाडी सुरू होत नसेल तर आधी साइड स्टँडकडे बघा. नव्या गाड्यांना स्टँडचा सेन्सर असतो, त्यात चिखल भरला की गाडीला स्टँड खालीच आहे असं वाटतं. पाण्याने धुऊन स्टँड चार-पाच वेळा वर-खाली करा. जमलं नाही तर स्पार्क प्लगचं टोपण काढून आतून कोरडं पुसा. तरीही फटफट करत बंद पडत असेल तर टाकीत पाणी गेलं असण्याची शंका घ्या. टाकीच्या झाकणाभोवती साचणारं पाणी बाहेर जायला एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की पाणी झाकणावर तुंबतं आणि आत झिरपतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. नेमकं तेच इंजिनाकडे जातं. मग टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही. निघण्यापूर्वी त्या भोकातून पातळ तार फिरवायला एक मिनिट लागतं.

पाण्यात बुडून इंजिन बंद पडलं असेल तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर आतला दांडा वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, मगच पुढचं.

रस्त्यावर दोन गाड्यांत एरवीच्या दुप्पट अंतर ठेवा. ओल्या डिस्कला पकड यायला क्षणभर लागतो. सरीतून जाताना मधूनमधून ब्रेक हलके दाबून डिस्क पुसत राहा. घाटात रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं, आणि खाणीचे ट्रक जिथून रस्त्याला लागतात तिथे लाल चिखलाचा पातळ थर. त्यावर ब्रेक नाही, वळण नाही, गाडी सरळ ठेवून जायचं. सगळ्यात नवखा चालक पहिल्या गाडीच्या लगेच मागे, शेवटच्या गाडीवर सगळ्यात जाणता आणि त्याच्याकडे औषधांची पेटी. वेग नवख्याचा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा आणि प्रत्येकाला हेल्मेटचा पट्टा स्वतः सोडायला लावा. आम्ही त्या पोरानंतर ही पद्धत पाडली. ज्याला पट्टा सुटत नाही तो पुढे गाडी चालवत नाही. गाडी तिथेच राहते, माणूस कोरडा होतो.

रविवारी घरी पोचलात की तंबू त्याच संध्याकाळी पडवीत पसरा. गुंडाळून ठेवलेल्या ओल्या तंबूला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, कापडाचा लेप सुटतो आणि पुढच्या वेळी तो खरंच गळतो. गाडीची चेन धुऊन, पुसून, तेल घाला. ओला झालेला कोरडा जोड धुऊन वाळला की परत पिशवीत बांधून त्याच बॅगेत ठेवून द्या.