जुन्या एमएक्स-५ मध्ये १.८ चं इंजिन: आधी ब्रेक, मग घोडे

माझ्दा एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारची पहिली पिढी १.६ लिटरच्या इंजिनावर सुरू झाली. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ आलं. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली. गिअरबॉक्सच्या बोल्टांची भोकं जुळतात, माउंट तेच, त्यामुळे कापाकापी नाही. माझी गाडी १९९० ची, जपानहून ब्रिटनमध्ये आलेली 'युनोस रोडस्टर', म्हणजे जपानी नावाची एमएक्स-५च. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलेल्या माणसाचे असलं काम बघून हात शिवशिवणारच. तरी पाना उचलायच्या आधी गाडीखाली आडवे व्हा आणि मागच्या चाकांच्या पुढचा सिल, म्हणजे दाराखालचा पत्रा, स्क्रूड्रायव्हरनं ठोकून बघा. ब्रिटनच्या हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांनी तो आतून खाल्लेला असतो. स्क्रूड्रायव्हर आत गेला, तर पैसे इंजिनाला नव्हे, वेल्डरला द्या.

सिल शाबूत असेल तर पहिलं काम ब्रेकचं. इंजिन आल्यावर ब्रेक 'करू नंतर' म्हणून कायमचे राहतात, हे सांगायला ज्योतिषी नको. १.६ ची पुढची डिस्क २३५ मिलिमीटरची, १.८ ची २५५. मागची २३१ च्या जागी २५१. मोडीत निघालेल्या १.८ वरून कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) चारही ब्रॅकेट घ्या; डिस्क आणि पॅड मात्र नवेच. तुमचे कॅलिपर चांगले असतील तर तेच चालतात. ब्रॅकेट कॅलिपरला बाहेर सरकवतो, पॅड हबपासून लांब पकडतो आणि तेवढ्याच पायाच्या जोरात ब्रेक जास्त लागतो. १४ इंची चाकं तशीच राहतात. फक्त पुढचेच बदलायचा शहाणपणा नको, पुढच्या-मागच्याचा तोल बिघडतो.

डिस्क बसवण्याआधी हबचा (चाक जिथं बसतं त्या भागाचा) चेहरा तारेच्या ब्रशनं धातू चमकेपर्यंत घासा. गंजाचा एक पापुद्रा मध्ये राहिला तरी डिस्क डुगडुगते आणि पेडल थरथरतं.

मागचा कॅलिपर नवख्याला हमखास रडवतो. पिस्टन सी-क्लॅम्पनं दाबून आत जात नाही, कारण आत हँडब्रेकची यंत्रणा आहे. कॅलिपरच्या पाठीवर १४ चा एक बोल्ट आहे, तो काढा. आत ४ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. घड्याळाच्या उलट फिरवली की पिस्टन मागं येतो. नवे पॅड घातल्यावर सुलट फिरवून डिस्क अडकेपर्यंत आवळा, मग तिसरा हिस्सा फेरा सोडा. हँडब्रेकची केबल त्यानंतरच. डॉट ४ चं ब्रेक ऑइल भरून एअर काढा, सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकानं. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं.

आता इंजिन. बॅटरी डिकीत आहे, तिथं जाऊन केबल सोडा. बॉनेट उतरवा, रेडिएटर काढा. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर पाइपसकट बाजूला लटकवून ठेवा, पाइप सोडलात तर एअर काढायचं काम उगाच वाढतं. मी इंजिन गिअरबॉक्ससकट काढतो, कारण बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या तोंडाचे) वरचे बोल्ट गाडीत राहून काढणं म्हणजे बोटांची परीक्षा. त्यासाठी गिअरबॉक्सला मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलशी जोडणारी लांब अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम सोडावी लागते. प्रॉपेलर शाफ्ट ओढून निघाला की गिअरबॉक्सच्या शेपटीतून तेल सांडतं. प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड हाताशी असू द्या.

१.८ बाहेर टांगलेलं असतानाच वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, पुढची-मागची ऑइल सील उरकून घ्या. बेल्ट घालताना दोन्ही कॅम पुलींवरच्या खुणांमध्ये बेल्टचे १९ दात मोजा, पुन्हा मोजा. हेडच्या मागच्या टोकाला कॅम सेन्सर असतो; त्याची ओ-रिंग कडक होऊन तेल बेलहाउसिंगवर ओघळतं आणि लोक मागची सील गेली म्हणून गिअरबॉक्स उतरवतात. ओ-रिंग चार पैशांची, आत्ताच बदला. फ्लायव्हील आणि क्लच १.८ चाच, २१५ मिलिमीटरचा. टर्बो लावणार नसाल तर जुना डिफरन्शियल चालतो. ऑइल प्रेशरचा सेन्सर जुन्या इंजिनावरचा काढून नव्यावर लावा, नाहीतर डॅशबोर्डवरचा काटा खोटं बोलतो.

खरी डोकेदुखी वायरिंगची. १.६ चा थ्रॉटल स्विच 'बंद' आणि 'पूर्ण उघडा' एवढंच सांगतो, हवा मोजायला फडफडणारा दरवाजा. जुगाड करून जुन्या ईसीयूवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, १.८ चालतं, पण इंधनाचं गणित १.६ चंच राहतं. मी मेगास्क्वर्ट या स्वतः सेट करता येणाऱ्या ईसीयूवर आधारलेला, जुन्याच प्लगमध्ये बसणारा ईसीयू घेतला आणि तो दरवाजा काढून टाकला. यात पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

पहिल्यांदा चालू करताना कॅम सेन्सरचा प्लग काढा आणि तेलाचा काटा हलेपर्यंत नुसता स्टार्टर मारा. मग प्लग लावा. ठिणगीचं टायमिंग बघायचं तर जुन्या ईसीयूवर डायग्नोसिस बॉक्समधली टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं तारेनं जोडून, सेन्सर फिरवून १० अंशांवर आणतात. नव्यावर सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० वर थोपवून तेच करा. नव्या पॅडसाठी मोकळ्या रस्त्यावर ५० मैलांच्या वेगावरून १० पर्यंत पाच-सहा वेळा जोरात ब्रेक लावा, पण गाडी पूर्ण थांबवू नका. तापलेला पॅड एका जागी चिकटून डिस्कवर डाग पाडतो.

ब्रिटनमध्ये इंजिन क्रमांक आणि सीसी बदलल्याचं डीव्हीएलएला (वाहन नोंदणी खात्याला) व्ही५सी या नोंदणीच्या कागदावर कळवावं लागतं. मार्च २००१ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांच्या रोड टॅक्सची सीमा १५४९ सीसी; १.६ आणि १.८ दोन्ही तिच्यावर, त्यामुळे टॅक्स बदलत नाही. विमा कंपनीला मात्र गाडी रस्त्यावर काढण्याआधी कळवा, आणि ब्रेकही बदललेत हे त्याच फोनमध्ये सांगा.