विंडोज टाकताना एसएसडी दिसत नाही?
नवा पीसी जोडला, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवर बसणारी वेगवान ड्राइव्ह) व्यवस्थित दिसते, पण विंडोजच्या सेटअपमध्ये ड्राइव्हची यादी रिकामीच! एसएसडी बदलून घ्यायला लगेच दुकानात धावू नका. इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या बऱ्याच मशीनवर व्हीएमडी (एनव्हीएमई ड्राइव्ह सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपकडे नसतो. मदरबोर्डच्या साइटवरून इंटेल आरएसटी ड्रायव्हर (व्हीएमडीसाठी लागणारा तो हाच) उतरवा, झिप उघडून फोल्डर पेनड्राइव्हवर टाका (आत आयएनएफ फाइल, म्हणजे सेटअप वाचतो ती ड्रायव्हरची माहिती, दिसलीच पाहिजे, नुसती ईएक्सई चालत नाही) आणि 'लोड ड्रायव्हर'मधून तो फोल्डर दाखवा. ड्राइव्ह यादीत येते.

रेड ॲरे (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून वापरणं) करायचा नसेल तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद केलं तरी भागतं. मात्र हे विंडोज टाकण्याआधीच करा. नंतर बंद केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही अशी शक्यता असते.