वऱ्हाडात घर बांधताय? आधी छप्पर, मग पश्चिम

अकोल्यात घर बांधायला निघालेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये एलिव्हेशनचा, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचा, फोटो तयार असतो. मोठाल्या काचा, काळपट रंग. मी फोटो बाजूला ठेवतो आणि विचारतो, दुपारी चारला प्लॉटवर ऊन कुठून येतं? वास्तुशास्त्रातलं ईशान्य-नैर्ऋत्य सगळ्यांना पाठ असतं, हे मात्र निम्म्यांना सांगता येत नाही.

आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर असतो. म्हणजे सगळ्यात जास्त तापतो तो स्लॅब, आणि दिवसभर गिळलेली उष्णता तो रात्री आपल्या अंगावर सोडतो. बजेट तोकडं असेल तर टाइल्स स्वस्तातल्या घ्या, पण छपरावर हात आखडू नका.

नवा स्लॅब टाकणार असाल तर फिलर स्लॅब करा. स्लॅबच्या खालच्या भागातला ताण लोखंड घेतं, तिथलं बरंचसं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. त्या जागी सळ्यांच्या चौकटीत दोन-दोन कवेलू (कौलं) तोंडाला तोंड लावून ठेवायचे. मधली हवा उष्णता अडवते, सिमेंटही वाचतं. कवेलू आधी पाण्यात चांगले भिजवून घ्या, नाहीतर ते काँक्रीटमधलं पाणी ओढतात. बीमजवळची पट्टी भरीव ठेवा आणि सळ्यांचं डिझाइन इंजिनिअरकडूनच करून घ्या. इथे अंदाजपंचे चालत नाही. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांची फरशी.

जुनं घर असेल तर होळीच्या सुमारास गच्ची धुऊन चुना मारा. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, थोडा फेव्हिकॉल घालायचा आणि दोन हात द्यायचे. पावसात बराचसा निघून जातो, पुढच्या वर्षी परत मारायचा. खर्च म्हणाल तर कूलरच्या नव्या मोटरपेक्षा कमी.

आता पश्चिम. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दोन फुटी छज्जा काढला की मार्च ते सप्टेंबर भर दुपारचं ऊन काचेवर येत नाही. डिसेंबरात सूर्य खाली असतो तेव्हा खालच्या निम्म्या खिडकीतून आत येतं, आणि तेव्हा ते हवंच असतं. हाच छज्जा पश्चिमेला काढा: मेमध्ये चार वाजता सावली जेमतेम दीड फूट, पाचला फूटभरही नाही. म्हणून पश्चिमेला बेडरूम नको. जिना, न्हाणी, संडास, कोठीची खोली तिकडे ढकला. रस्ताच पश्चिमेला असेल तर पुढे खोल छपरी काढा आणि तिला बांबूचे तट्टे लावा.

पश्चिमेची भिंत रॅट ट्रॅप बाँडमध्ये बांधा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत भरपूर वापरली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या. नऊ इंची भिंतीत मधे तीन इंचांची पोकळी राहते आणि विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात. मिस्त्री कुरकुरतात. एक तर मला म्हणाला होता, “सायेब, इटा अशा उभ्या लावल्या तं भित पडन नं!” पहिले चार थर स्वतः उभं राहून लावून घ्या, पुढे हात बसतो. वाकड्यातिकड्या विटा यात चालत नाहीत, भट्टीवर जाऊन निवडा. कोपरे आणि चौकटीच्या बाजू भरीव. विजेचे पाइप बांधतानाच पोकळीत टाका.

खिडक्या समोरासमोर हव्यात, आणि जिन्याच्या टॉवरला वर झरोके, म्हणजे रात्री गरम हवा तिथून निघून जाते. सकाळी आठला सगळं बंद, दिवे लागल्यावर सगळं उघडं. कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात प्लॉट असेल तर बोअरच्या खाऱ्या पाण्याने काँक्रीट कालवू नका, क्युरिंगही (बांधकामावर पाणी मारणं) करू नका, सळ्या गंजतात. गोडं पाणी टँकरने आणा आणि टाकीची जागा नकाशातच धरा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ६५ हजार लिटर पाणी होतं. त्यातलं थोडं वाया जाईल, तरी उरलेलं सोडण्यासारखं नाही.

सोलर पॅनल शेवटी. ऊन अडवल्यावर किती वीज लागते ते बघूनच आकडा ठरवा.

आणि कडुनिंब पायाच्या आधी लावा, पश्चिमेला, पण भिंतीपासून निदान पंधरा-वीस फूट सोडून. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते. झाड जवळ असलं की मुळं पायाखालची ओल ओढतात आणि भिंतीला तडे जातात. प्लॉट तेवढा नसेल तर झाडाचा हट्ट सोडा, मांडवावर दोडका किंवा मधुमालती चढवा.