गल्लीचं काम महापालिकेतून मंजूर करून घ्यायचंय? मग फाईल कुठून कुठं जाते ते बघा

गटर तुंबली की आपण नगरसेवकाला फोन लावतो, तो म्हणतो "सभेत आवाज उठवतो", उठवतोही, पेपरात चार ओळी येतात आणि गटर हाय तशीच. कारण सभेतलं भाषण म्हणजे निर्णय न्हवं. सभेत हात वर होतात तेव्हा बहुतेक विषय आधीच ठरलेले असतात, त्यामुळं आपण मधे पडायचं ते त्याच्या लई आधी.

सुरवात अर्जापासनं. आपल्या कोल्हापूर महापालिकेची चार विभागीय कार्यालयं हायत, गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. आपली गल्ली कुठल्यात येते ते बघून तिथं निवेदन द्या, तालमीच्या नायतर मंडळाच्या लेटरहेडवर सह्या घेऊन दिलेलं बरं, आणि आवकचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो फाईलीला लागत न्हाई. मग कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन मापं घेतो, एस्टिमेट करतो. तो येईल तेव्हा गल्लीतलं कुणीतरी जाणतं माणूस सोबत पाहिजे, न्हाईतर उतार कुठल्या बाजूला हाय आणि पावसात पाणी कुणाच्या दारात साठतंय हे त्याला कोण सांगणार.

आता खरी गोम बजेटात हाय. एस्टिमेट झालं तरी त्याला हेड लागतं, म्हणजे बजेटात त्या कामाला पैसे धरलेले पाहिजेत, नायतर उत्तर ठरलेलं, "निधी उपलब्ध झाल्यावर कार्यवाही करण्यात येईल". आयुक्त बजेटचा मसुदा नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढं ठेवतात, स्थायी त्यात आपली भर घालते, मग स्थायीचे सभापती ते महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, मांडतात आणि 31 मार्चच्या आत मंजूर व्हायला लागतंय. म्हणजे मे महिन्यात जाऊन "आमचं काम घ्या" म्हटलं तर वर्ष गेलं समजा, दिवाळी झाली की पाठपुरावा सुरू करायचा, खाती आपापली मागणी लावत असतात तेव्हाच आपली गटर त्या यादीत बसली पाहिजे. नगरसेवकाला भेटताना पण "काम करा" असं मोघम बोलू नका, "कुठल्या हेडात घालताय" विचारा, समोरचा लगेच सावरून बसतो.

स्थायी समिती म्हणजे तिजोरीची किल्ली. 16 सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी बाहेर पडतात, पहिल्या वर्षी कोण जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि त्या पदांसाठी किती ओढाताण चालते ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. ठराविक रकमेच्या वरची टेंडरं इथं मंजूर होतात, कायद्यानं बैठक आठवड्याला एकदा. परिवहन समिती केएमटीचं, म्हणजे शहरातल्या बसचं बघते, महिला बालकल्याणची वेगळी, पण पैशाचा विषय फिरून स्थायीकडंच येतो.

महासभेकडं मोठे विषय, कर, धोरण, जागा भाड्यानं देणं, विकास आराखड्यातले बदल. 81 नगरसेवक, शिवाय स्वीकृत, म्हणजे निवडणुकीशिवाय घेतलेले, ज्यांना बोलता येतं पण मत देता येत न्हाई. सभेआधी गटनेते आपापल्या लोकांना घेऊन बसतात, कुठला विषय करायचा आणि कुठला अडवायचा ते तिथंच ठरतं. म्हणून अजेंडा आला की सभेची वाट न बघता लगेच गटनेत्याला गाठा. आणि ऐनवेळच्या विषयांवर डोळा ठेवा, अजेंड्यावर नसलेलं काहीबाही तिथनंच आत शिरतं.

निकालाची भाषा पण कळली पाहिजे. "मंजूर" म्हणजे झालं, "उपसूचनेसह मंजूर" असेल तर ती उपसूचना, म्हणजे सभेत सुचवलेली दुरुस्ती, वाचल्याशिवाय पेढे वाटू नका, मधल्यामधे गल्ली बदललेली असू शकते. "तहकूब" म्हणजे पुढच्या सभेत, "फेरसादर" म्हणजे प्रशासनानं दुरुस्ती करून परत आणायचं, आणि "दप्तरी दाखल" म्हणजे विषय संपला, कपाटात गेला.

काही निर्णय सभेच्या हातातच नसतात. हद्दवाढीचंच घ्या, 1972 ला महापालिका झाल्यापासनं हद्द वाढलेली न्हाई, सभेनं ठराव करून प्रस्ताव पाठवायचा, अधिसूचना काढायची का न्हाई ते राज्य सरकार बघणार. उलटं पण होतं, सभेनं केलेला ठराव बेकायदेशीर वाटला तर कलम 451 खाली सरकार तो निलंबित नायतर रद्द करू शकतं, त्यालाच विखंडन म्हणतात. आणि सभागृहच नसलं तर? नोव्हेंबर 2020 ला मुदत संपली तेव्हापासनं पुढची काही वर्षं आपण ते बघितलंच, प्रस्ताव करणारं प्रशासन आणि मंजूर करणारा पण प्रशासकच, अडवायला कोण न्हाई आणि विचारायला पण कोण न्हाई.

काम मंजूर झालं की नगरसचिव कार्यालयातनं ठरावाची नक्कल मागा, न्हाई दिली तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात ठराव क्रमांक, तारीख, सूचक, अनुमोदक सगळं असतं. तो नंबर घेऊन खात्यात जायचं आणि एकच विचारायचं, वर्क ऑर्डर निघाली का, कुणाच्या नावानं निघाली आणि मुदत किती दिवसांची हाय.