भावंडांची नावे जुळवताना या चुका टाळा

थोरलीचे नाव ‘अ’वरून आहे म्हणून धाकट्या बाळाचेही ‘अ’वरूनच हवे आणि शिवाय यमकही जुळले पाहिजे, हा हट्ट मी इतक्या घरांत पाहिला आहे की नाव सुचवण्याआधी तो सोडायला सांगतो. आपल्या पद्धतीत वडिलांचे नाव आणि आडनाव भावंडांना सारखेच लागते. कागदोपत्री त्यांना वेगळे ओळखण्यासाठी उरते ते फक्त पहिले नाव, आणि हौसेपायी तेही आपण सारखे करून टाकतो.

माझ्या परिचयातल्या एका घरात थोरली अन्वी आणि धाकटी अवनी. रोमन लिपीत लिहिल्यास या दोन नावांत केवळ मधल्या दोन अक्षरांची अदलाबदल होते. दोघींचे रक्त एकाच दिवशी तपासायला दिले, अहवाल उलटसुलट झाले आणि धाकटीला हवे असलेले लोहाचे औषध थोरलीला लिहून दिले गेले. अहवालावरच्या वयाकडे आईचे वेळीच लक्ष गेले, म्हणून निभावले. तेव्हापासून मी दोन्ही नावे दोन्ही लिप्यांत एकाखाली एक लिहून पाहतो आणि मग दुसऱ्या खोलीतून मोठ्याने हाक मारून पाहतो. हाक मारताना शेवटचा स्वर लांबतो आणि दूरवर तोच ऐकू जातो. त्यामुळे आद्याक्षर वेगळे असणे पुरत नाही, नावाचा शेवटही वेगळा हवा. मुक्ता आणि ईशान यांच्यात गोंधळ होणार नाही. अन्वी आणि अवनी यांच्यात रोज होईल.

दुसरी चूक उतावीळपणाची. मोबाइलवरच्या याद्यांतून यमक जुळणारे नाव उचलायचे आणि त्यापुढे छापलेला अर्थ खरा मानायचा, हे मला अजिबात पटत नाही. निशांत म्हणजे पहाट, पण त्याच्या जोडीला नादावरून कृतांत ठेवाल तर त्याचा अर्थ यम असा आहे. शब्दकोश उघडायला पाच मिनिटे लागतात आणि नाव आयुष्यभर राहते.

बहीण-भावाला उषा-अनिरुद्ध अशी नावे ठेवू नका. पुराणात ते पती-पत्नी आहेत. लव-कुश ठेवण्यापूर्वी तिसऱ्या अपत्याचाही विचार करावा.

नाते जोडायचेच असेल तर ते अर्थातून जोडावे. 13व्या शतकातील निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता या भावंडांच्या नावांत यमक कोठेही नाही, तरीही विरक्ती, ज्ञान, त्यापुढची पायरी आणि मुक्ती असा क्रम त्यांत सरळ वाचता येतो. इतकी लांब साखळी प्रत्येकाला साधणार नाही, पण थोरली केतकी असेल तर धाकट्यासाठी पारिजात हे नाव सहज सुचण्यासारखे आहे: दोन्ही फुले, दोन्ही सुगंधी, आणि हाक मारल्यावर नेमके ज्याला बोलावले तेच मूल येईल.