क्रॉनिक ल्युकेमियाच्या पेशंटचा एमआरआय कसा वाचावा

चिठ्ठीवर नुसतं ‘क्रॉनिक ल्युकेमिया, एमआरआय स्पाइन’ असेल तर मी आधी पाठवणाऱ्या डॉक्टरांना विचारते: नेमकं काय शोधायचंय? सीएमएलचं (मायलॉइड प्रकाराचं) निदान बीसीआर-एबीएल या बदललेल्या जनुकाच्या तपासणीवर ठरतं, सीएलएलचं (लिम्फोसायटिक प्रकाराचं) फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीवर. गोळी लागू पडतेय का, तेही सीएमएलमध्ये रक्तच सांगतं. एमआरआय कामी येतो तो हाडं, मज्जारज्जू आणि खुबे बघायला. पाठ दुखतेय आणि पायातली ताकद जातेय किंवा लघवी अडलीय, असा पेशंट त्याच दिवशी घ्या आणि पूर्ण मणका स्कॅन करा.

स्कॅनआधी पेसमेकर, केमोपोर्टचं (केमो द्यायला त्वचेखाली बसवलेल्या साधनाचं) कार्ड, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) हे विचारणं नेहमीचंच. त्याबरोबर हिमोग्लोबिन किती, रक्त किती वेळा चढवलं आणि पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन चालू आहे का, हेही विचारा. याची उत्तरं नसतील तर पुढचं वाचन अर्धवट राहतं.

स्कॅन उघडल्यावर आधी कॉन्ट्रास्ट न दिलेला टी१ बघा, म्हणजे चरबी उजळ दाखवणारी एमआरआय चित्रं. मोठ्या माणसाच्या मॅरोत (अस्थिमज्जेत) चरबी असते, म्हणून मणका शेजारच्या डिस्कपेक्षा (दोन मणक्यांमधल्या गादीपेक्षा) उजळ दिसतो. ल्युकेमियाच्या पेशींनी ती जागा घेतली की तो डिस्कइतका किंवा तिच्याहून काळा होतो. इथे नवशिका फसतो, कारण सगळेच मणके सारखे काळे असतात आणि तुलनेला एकही चांगला उरत नाही. नजर डिस्कवर आणि स्नायूवर ठेवा. स्टरवर (STIR, चरबीचा सिग्नल दाबणारी चित्रं) तोच मॅरो उजळतो. तरी शंका राहिली तर इन-फेज आणि आउट-ऑफ-फेज घ्या (चरबी आणि पाण्याचे सिग्नल एकात मिळतात आणि दुसऱ्यात एकमेकांना खोडतात): आउट-ऑफ-फेजवर सिग्नलमधली घट २० टक्क्यांपेक्षा कमी असली, तर चरबी फारशी उरलेली नाही असं समजा.

मात्र ॲनिमियात किंवा त्या इंजेक्शनानंतर तांबडा (रक्त बनवणारा) मॅरो वाढतो आणि टी१वर मणका मंदावतो; पण तो बहुधा डिस्कपेक्षा थोडा उजळच राहतो. वारंवार रक्त चढवलेल्या पेशंटमध्ये लोह साठून मॅरो टी१ आणि टी२ (पाणी उजळ दाखवणारी चित्रं) दोन्हींवर काळा पडतो, आणि आउट-ऑफ-फेजचं गणितही बिघडतं. अशा वेळी रिपोर्टमध्ये ‘आजार वाढला’ लिहू नका. ते वाक्य घरी नातेवाईक रात्रभर वाचत बसतात.

खुबा दुखत असेल तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलाय का बघा. स्टिरॉइड घेतलेल्यांत हे जास्त दिसतं आणि सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असतो. चिठ्ठी एकाच बाजूची असली तरी दोन्ही खुबे घ्या. दुसरा न दुखताही खराब होत असू शकतो.